दादींकडून शिक्षण आणि दादींचे शिक्षण

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



हे भाषण स्मरणिकेसाठी लिहून द्यावे असा संपादक मंडळाचा आग्रह होता. तेव्हा त्या दिवशी सभागृहात होते त्यांच्याशी आणि आज घरी बसून ही पाने उलटत आहेत त्यांच्याशीही मी बोलतो आहे, असे समजावे. मला विषय दिला होता ‘समाज आणि स्त्रीशिक्षण’. विषय मोठा आहे आणि त्यावर मोठ्या माणसांनी पुष्कळ बोलून ठेवले आहे. मी एक शाळामास्तर. मला लहान विषय बरा वाटतो. म्हणून मी आज फक्त घरातल्या म्हाताऱ्या बाईविषयी बोलणार आहे. कोणाच्या घरी ती दादी असेल, कोणाच्या घरी नानी, कोणाच्या घरी बडी अम्मा, शेजारच्या घरी आजी.

हा विषय घेण्याचे कारण सांगतो. दरवर्षी जून महिन्यात आम्ही शिक्षक घरोघर फिरतो. सातवी झालेली, दहावी झालेली मुलगी पुढच्या वर्गात का आली नाही, ते विचारतो. कारणे निरनिराळी असतात. पैसा नाही, शाळा लांब आहे, घरात आजारपण आहे. ही कारणे मला समजतात. परंतु एक उत्तर असे आहे की ते ऐकले म्हणजे मी निरुत्तर होत असे. वडील अंगणातल्या खाटेवर बसलेल्या आपल्या आईकडे बोट दाखवून म्हणतात, “मास्तर, ही बघा आमची अम्मा. एक अक्षर शिकली नाही. पण सात लेकरं वाढवली, घर उभं केलं, अर्धा मोहल्ला तिचा सल्ला घेतो. हिचं काय अडलं? मग पोरीचं काय अडणार आहे?”

पालकहो, ह्या प्रश्नात त्या अम्माचा फार मोठा आदर आहे. म्हणूनच त्याला उत्तर देणे अवघड जाते. अम्मा थोर नाही असे कोण म्हणेल? मी तर मुळीच म्हणणार नाही, कारण मी स्वतः अशाच एका दादीच्या हातचे खाऊन वाढलो आहे. आज मला ह्या प्रश्नाचे उत्तर नीट द्यायचे आहे, आणि ते दादीचा मान राखून द्यायचे आहे.

प्रथम माझ्या दादीविषयी थोडे सांगतो. तिच्या जन्माची नोंद कोठेही नव्हती. गांधीजींना गोळी घातली त्या वर्षी आपले लग्न झाले, एवढे तिला पक्के ठाऊक होते. म्हणजे ते १९४८ साल. तेव्हा ती पंधरा-सोळा वर्षांची असेल. पाचोऱ्याकडून आपल्या छोट्या रेल्वेत, म्हणजे आपण जिला ‘पीजे’ म्हणत होतो त्या गाडीत बसून ती जामनेरला सून म्हणून आली. ती गाडी २०२० साली बंद झाली आणि पुढच्याच वर्षी दादीही गेली. त्या वेळी ती नव्वदीच्या घरात होती.

आमचे दादा पिंजारी होते. खांद्यावर पिंजण टाकून खेडोपाडी फिरावे, गाद्या-उशांचा कापूस पिंजून द्यावा, हा त्यांचा धंदा. आपला तालुका कापसाचा, त्यामुळे काम मिळे, पण ते मोसमी असे. पावसाळ्यात घरात चूल पेटवण्याची जबाबदारी दादीवर येई. ती गोधड्या शिवायची. पाटलांच्या घरची गोधडी असो की मोमीनांच्या घरची, टाका एकसारखा. दिवाळीला चार घरांतून फराळाची ताटे येत आणि ईदला आमच्याकडून त्या चार घरांत शीरखुर्मा जाई. ह्याला कोणी एकात्मता वगैरे नाव देत नव्हते. ज्याच्या घरची गोधडी आपण शिवली त्याच्याशी अबोला कसा धरणार, इतका तो साधा हिशेब होता.

मोहल्ल्यात एखादी बाई अल्लाला प्यारी झाली की मय्यतीला गुस्ल देण्यासाठी आणि कफन शिवण्यासाठी दादीला बोलावणे येई. रात्र असो, पाऊस असो, ती उठून जाई. ह्या कामाचा तिने कधी पैसा घेतला नाही. आणि परतल्यावर त्या घरात काय पाहिले, कोण रडले, कोण रडले नाही, ह्याचा एक शब्दही ती घरी बोलत नसे. लोकांनी तिच्यावर विश्वास टाकला तो ह्यामुळे.

तिची एक भिशी होती. बारा बायका, दरमहा प्रत्येकी पाच रुपये. जमलेले साठ रुपये एकीला मिळत. आता बाराही जणी निरक्षर, मग चिठ्ठीवर नाव लिहिणार कोण आणि वाचणार कोण? दादीने त्यावर तोड काढली होती. एका डब्यात बारा वस्तू ठेवलेल्या असत. एकीची खूण म्हणून फुटक्या बांगडीचा तुकडा, दुसरीची शर्टाची गुंडी, तिसरीचा चिंचोका, चौथीची कवडी. डबा हलवून एक वस्तू काढायची. जिची वस्तू तिला पैसे. मग ती वस्तू दुसऱ्या डब्यात जाई. पहिला डबा रिकामा झाला की वर्ष संपले. बी.एड.ला असताना नोंदी कशा ठेवाव्यात ह्यावर मी एक पेपर दिला आहे. परंतु इतकी चोख नोंदवही मी अद्याप पाहिली नाही.

आणि ह्या नोंदवहीला एक नियम जोडलेला होता. कोणाच्या घरी बाळंतपण असेल किंवा शाळेची फी भरायची असेल, तर सर्वांच्या संमतीने तिला आधी पैसे द्यायचे, त्या महिन्यात डबा हलवायचा नाही. व्याज नाही, कागद नाही, साक्षीदार नाही. भिशीत पुढे बायका बदलल्या, रक्कम वाढली, पण भिशी एकदाही बुडाली नाही.

आता कोणी म्हणेल, “मास्तर, तुम्ही तर आमचीच बाजू मांडलीत. पाहा, न शिकताही बाई किती शहाणी असते!” जरा थांबा. अर्धी गोष्ट अजून राहिली आहे.

दादा वारले तेव्हा पोरे लहान होती. दादीने एका सावकाराकडून तीनशे रुपये घेतले आणि त्याने पुढे केलेल्या कागदावर अंगठा उठवला. फेडायची वेळ आली तेव्हा कागदावर चारशे निघाले. तीनशेच घेतले होते हे सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक होते. परंतु मोहल्ल्याचे ठाऊक असणे कागदावर चालत नाही. दादीने गोधड्या शिवून ते शंभर रुपये भरले. बारा वस्तूंचा हिशेब जिला वर्षानुवर्षे चुकला नाही, तिला एका आकड्याने फसवले. तिची हुशारी तसूभरही कमी नव्हती. तिच्याजवळ फक्त अक्षर नव्हते.

त्याच महिन्यात तिने माझ्या फूफीला जवळ बसवले. फूफी तेव्हा पाचवीत होती. दादी म्हणाली, “मेरे कू मेरा नाम लिखना सिखा.” चुलीतली राख परातीत पसरून त्यात बोटाने अक्षरे गिरवणे सुरू झाले. चाळिशी ओलांडलेली बाई आणि दहा वर्षांची मास्तरीण. नाव लिहिता यायला अडीच महिने लागले. पुढे आकडे आले. त्यानंतर यष्टीच्या पाट्या. पहूर, शेंदुर्णी, पाचोरा, जळगाव. स्टँडवर उभे राहून “ही गाडी कुठं जाते हो?” असे विचारणे तिने बंद केले.

फूफी सातवी झाली तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितले, आता पुरे. त्या दिवशी दादी जे बोलली ते आमच्या घरात आजही सांगितले जाते. ती म्हणाली, “मेरे कू कागद पढना आता तो सौ रुपये बचते. छोरी की फी सौ रुपये नहीं है.” फूफी मॅट्रिक झाली.

पालकहो, आपल्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे आहे. “अम्माचं काय अडलं?” असे आपण विचारता. अम्मालाच विचारा. तिचे काय अडले ते तिने कोणाला सांगितलेले नसते, कारण सांगून उपयोग नव्हता. तिने ते भरून काढले, सोसले, आणि आपण त्यालाच ‘अडले नाही’ असे म्हणत आलो.

आता मी घरच्या दादीवरून एका मोठ्या बाईकडे वळतो. आपल्या मुलांना त्यांचे नाव सहसा ठाऊक नसते म्हणून मुद्दाम सांगतो. त्यांचे नाव कुलसुम सयानी. जन्म २१ ऑक्टोबर १९००, गुजरातमध्ये. वडील डॉक्टर होते. १९१७ साली वडिलांबरोबर त्या गांधीजींना भेटल्या आणि त्या भेटीने त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली. पुढे विवाह झाला तो डॉ. जान मोहम्मद सयानी यांच्याशी. तेही स्वातंत्र्याच्या चळवळीतले. संसार मुंबईत. अशा सुखवस्तू घरातल्या बाईला घरी बसून राहता आले असते.

१९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले आणि प्रौढांना शिकवण्याचे काम सरकारी पातळीवर हाती घेतले गेले. कुलसुमबाई त्या कामात शिरल्या. शंभर रुपयांचा निधी आणि दोन शिक्षिका एवढ्या भांडवलावर त्यांनी मुस्लिम स्त्रियांना शिकवायला सुरुवात केली. पडदानशीन स्त्री वर्गापर्यंत येणार नाही हे त्यांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी वर्गच घरापर्यंत नेला. गल्लीबोळांतून दारोदार जायचे, एकेका घरात बायकांना राजी करायचे, त्यांच्या सवडीची वेळ धरायची आणि शिक्षिका तिथे पाठवायची. पुढे मुंबई शहर समाज शिक्षण समितीच्या कामात त्या अनेक वर्षे होत्या, आणि दोन शिक्षिकांवर सुरू झालेल्या ह्या कामाची केंद्रे शेकड्यांत मोजण्याइतकी झाली.

त्या काळाची कल्पना यावी म्हणून एक आकडा सांगतो. १९५१ सालच्या जनगणनेत आपल्या देशात शंभर स्त्रियांमागे साक्षर होत्या जेमतेम नऊ. माझी दादी उरलेल्या एक्याण्णवांत होती. आपल्यापैकी बहुतेकांच्या दाद्या-नान्या त्यातच होत्या.

कुलसुमबाईंना कामातून एक गोष्ट उमगली. ती मला शिक्षक म्हणून फार महत्त्वाची वाटते. मोठ्या माणसाला अक्षरओळख करून देणे हे अर्धेच काम आहे. शिकलेले अक्षर वापरायला मिळाले नाही तर ते लवकरच विसरले जाते. मुलाचे पुस्तक त्याला गोडी लावत नाही, कारण ‘कमळ बघ’ ह्यात चाळीस वर्षांच्या बाईला काय रस? आणि मोठ्यांचे वर्तमानपत्र तिला पेलत नाही. मधली पायरीच नसते. ती पायरी बांधण्यासाठी गांधीजींच्या सांगण्यावरून कुलसुमबाईंनी १९४० साली एक पाक्षिक सुरू केले. नाव ‘रहबर’, म्हणजे वाट दाखवणारा. भाषा अगदी सोपी, बोलण्यातली हिंदुस्थानी. आणि मौज अशी की तोच मजकूर तीन लिप्यांत छापला जाई : देवनागरीत, उर्दूत आणि गुजरातीत. ज्याला जी लिपी येते त्याने ती वाचावी, बोलणे मात्र सर्वांचे एकच. लिपीवरून आणि भाषेवरून माणसे एकमेकांवर उठत होती त्या दिवसांत हे पाक्षिक निघत होते. ते १९६० सालापर्यंत, वीस वर्षे चालले. निरक्षरांसाठी आणि नवसाक्षरांसाठी वीस वर्षे एक नियतकालिक चालवणे म्हणजे काय, हे ज्यांनी दरवर्षी ही एक स्मरणिका काढताना धावपळ केली आहे त्यांना मी सांगायला नको.

अखिल भारतीय महिला परिषदेच्या कामातही त्या होत्या. १९६० साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९६९ साली साक्षरता कार्यासाठी नेहरू पुरस्कार मिळाला. १९८७ साली त्या गेल्या. शहाऐंशी वर्षांचे आयुष्य, आणि त्यातले जवळजवळ अर्धशतक दुसऱ्यांच्या घरातल्या बायकांना अक्षर देण्यात गेले.

ह्या बाईंच्या एका मुलाला मात्र आपण सगळे ओळखतो. १९५२ साली रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. तो आवाज अमीन सयानींचा. लहानपणी ते आईला ‘रहबर’च्या कामात मदत करीत. खेड्यातल्या माणसालाही समजेल आणि शहरातल्यालाही आवडेल अशी सोपी, मोकळी भाषा त्यांच्या तोंडी होती. तिची शाळा ‘रहबर’च्या घरातच होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते वारले तेव्हा वर्तमानपत्रांनी रकाने भरून लिहिले आणि ते योग्यच झाले. पण माझ्या मनात आले, ह्या रकान्यांत त्या माउलीलाही थोडी अधिक जागा मिळायला हवी होती.

विद्यार्थी मित्रांनो, ही परंपरा आणखी मागे जाते. पुण्यात जोतिबा आणि सावित्रीबाई फुले यांना घर सोडावे लागले तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला. सावित्रीबाईंनी १८५६ साली आजारपणात माहेराहून लिहिलेल्या पत्रात आपल्यामागे काम सांभाळणाऱ्या फातिमाचा उल्लेख आहे. तेव्हा मुलींचे शिक्षण ही बाहेरून आलेली गोष्ट आहे असे कोणी सांगितले तर त्याला ही नावे सांगा. आणि जो धर्म मानतो त्याला ही आठवण करून द्या की पहिल्या वहीतली आज्ञा वाचनाची आहे. ती आज्ञा केवळ पुरुषांना आहे असे कोणत्याही आलिमाने मला अद्याप सांगितलेले नाही.

आतापर्यंत मी दादींच्या शिक्षणाविषयी बोललो. आता दादींकडून घ्यायच्या शिक्षणाविषयी बोलतो, कारण हा रस्ता दुतर्फा आहे. त्यासाठी आपल्या जिल्ह्याबाहेर जायला नको. बहिणाबाई चौधरी आपल्या जळगावच्या. जन्म १८८० साली असोद्याला. शेतात राबणारी, लिहिता-वाचता न येणारी बाई. जात्यावर बसून, शेतात काम करता करता तिने गाणी रचली. ती आज आपल्यापर्यंत आली कशी? तिचा मुलगा सोपानदेव लिहिता-वाचता होता आणि ती गाणी कागदावर उतरवून घेतली गेली म्हणून. बहिणाबाई १९५१ साली वारल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघाले. आज आपल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

ह्यातून पालकांनी काय घ्यावे? लोक म्हणतात, बघा, अशिक्षित बाईने केवढे काव्य केले! खरे आहे. पण घरात एक लिहिणारा हात नसता तर ते काव्य तिच्याबरोबरच गेले असते. आपल्या खानदेशात अशा किती बाया होऊन गेल्या असतील की ज्यांच्या घरात तो हात नव्हता! लग्नात हळदीच्या वेळची गीते, पोराला झोपवतानाची बोली, कळण्याच्या भाकरीचे प्रमाण, बाळंतिणीला द्यायच्या काढ्याचे प्रमाण, दुष्काळात काय खाऊन दिवस काढले त्याची हकीकत, कोणत्या घराचे कोणत्या घराशी नाते आहे, हे सारे आपल्या दाद्यांच्या डोक्यात आहे. ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. आणि ते लिहून घेणार कोण? जी मुलगी दिवसभर दादीजवळ असते ती. तिला आपण सातवीत घरी बसवले तर दादीचीही गोष्ट संपली आणि मुलीचीही.

म्हणून मी म्हणतो, दादीच्या थोरवीचा दाखला देऊन मुलीचे शिक्षण थांबवणे म्हणजे दादीचा मान नव्हे. दादीची कमाई पुढच्या पिढीच्या हाती पडूच नये अशी ती व्यवस्था आहे. आपल्याला ते नको असते. पण परिणाम तोच होतो.

आता कोणी विचारील, म्हाताऱ्या बाईला ह्या वयात शिकवून करायचे काय? त्याचेही उत्तर आपल्या महाराष्ट्रात आहे. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे खेडे आहे. तिथले जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. विद्यार्थिनी साठ ते नव्वद वर्षांच्या. गुलाबी लुगडे हा गणवेश. दुपारी कामे आटोपली की पाटी-दप्तर घेऊन शाळेत. घरी अभ्यास घेणार नातवंडे. कोणत्या नोकरीसाठी त्या शिकत होत्या? कोणत्याच नाही. त्यांना आपले नाव आपल्या हाताने लिहायचे होते, पोथी वाचायची होती. माणसाला एवढे कारण पुरते.

सरकारचाही एक कार्यक्रम ह्या घडीला चालू आहे. ‘उल्लास’ ह्या नावाने ओळखला जाणारा नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ ह्या काळासाठी आहे. पंधरा वर्षांवरील कोणत्याही निरक्षर व्यक्तीला त्यात नाव घालता येते, वयाला वरची मर्यादा नाही. शिकवणारे स्वयंसेवक असतात. विद्यार्थीही ते काम करू शकतात. शेवटी वाचन, लेखन आणि संख्याज्ञान अशी दीडशे गुणांची चाचणी होते आणि प्रमाणपत्र मिळते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शंभर स्त्रियांमागे साक्षर होत्या सुमारे शहात्तर. उरलेल्या चोविसांत आपल्या मोहल्ल्यातल्या किती, हे मोजायला सरकारची वाट पाहायला नको. एका रविवारी आपल्याच मुली मोजून आणतील.

मोठ्या माणसाला शिकवताना काय सांभाळावे, हे दादीच्या परातीपासून आणि ‘रहबर’पासून मी शिकलो ते विद्यार्थ्यांना सांगतो. पहिली गोष्ट, मुळाक्षरांपासून सुरुवात करू नका, तिच्या नावापासून करा. स्वतःचे नाव हे जगातले सर्वांत गोड अक्षर आहे. दुसरी गोष्ट, दादीला हिशेब येतो हे धरून चाला. तिला बेरीज शिकवायची नसते, फक्त आकडा कसा दिसतो ते दाखवायचे असते. तिसरी गोष्ट, वाचायला तिच्या कामाचे द्या : यष्टीची पाटी, विजेचे बिल, रेशनचे कार्ड, बँकेचे पासबुक, औषधाच्या बाटलीवरची तारीख. चौथी गोष्ट, चुकली तर हसू नका. लहान मूल हसण्याने रडते आणि विसरते. म्हातारे माणूस रडत नाही, पण पुन्हा पाटीला हात लावत नाही. दररोज अर्धा तास पुरे. दोन-तीन महिन्यांत अंगठ्याच्या जागी सही येते.

आणि पालकांसाठी दोन कामाच्या गोष्टी. शाळा लांब आहे असे आपण म्हणता. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत यष्टीचा मोफत पास मिळतो. अहिल्याबाई होळकर ह्यांच्या नावाची ती योजना आहे. शाळेतून अर्ज न्यावा. पुढच्या शिक्षणाचा खर्च झेपणार नाही असे आपण म्हणता. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे आणि जे आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास किंवा इतर मागासवर्गात मोडते, त्या घरातल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ करण्याचा निर्णय शासनाने जुलै २०२४ मध्ये घेतला. आपल्यातल्या पिंजारी, बागवान, मोमीन अशा अनेक जमाती इतर मागासवर्गात आहेत. तडवी बांधव अनुसूचित जमातीत आहेत, त्यांच्या सवलती वेगळ्या आहेत. परंतु ह्यासाठी दाखले लागतात आणि दाखले प्रवेशाच्या आठवड्यात मिळत नाहीत. मुलगी आठवीत असतानाच जातीच्या दाखल्याची तयारी सुरू करावी, जुन्या नोंदी शोधून ठेवाव्यात. कोणाला अर्ज भरता येत नसेल तर शाळा सुटल्यावर आमच्याकडे यावे. आम्ही शिक्षक ते भरून देऊ.

आता शेवटची विनंती, आणि ती विद्यार्थ्यांना आहे. ह्या सुट्टीत प्रत्येकाने एक शंभर पानी वही करावी. वहीच्या डाव्या पानावर दादी, नानी किंवा शेजारची आजी जे सांगेल ते लिहावे : गाणे, म्हण, पाककृती, जुनी हकीकत, तिच्याच शब्दांत, तिच्याच बोलीत. सुधारून ‘शुद्ध’ करू नये. उजव्या पानावर दादीने स्वतः लिहावे. सुरुवातीला नुसती रेघ येईल, पुढे नाव येईल, मग आणखी काही. डावे पान तिने तुम्हाला दिलेले, उजवे पान तुम्ही तिला दिलेले. ज्यांच्या घरी दादी राहिली नाही त्यांनी शेजारच्या घरी जावे. मोहल्ल्यात म्हाताऱ्या माणसांची कमतरता नाही, त्यांच्याजवळ बसणारांची आहे.

सुट्टीनंतर ह्या वह्या शाळेत आणाव्यात. त्यांतला निवडक मजकूर पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत यावा अशी मी संपादक मंडळाला आताच सूचना करून ठेवतो. आणि अध्यक्ष महोदयांना एवढीच प्रार्थना की पुढच्या वर्षी बक्षीस समारंभात पहिले बक्षीस गुणवत्ता यादीतल्या विद्यार्थ्याला अवश्य द्यावे, परंतु त्याच्या पावतीवर सही मात्र त्याच्या दादीची घ्यावी.